सहा फुटी कागद आणि तीन मोठ्या गाड्या

रविवार, १ फेब्रुवारी

वाचनालयातून आज पिशवीभर मासिकं आणली, सगळी मोटारगाड्यांची. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "का हो, कादंबऱ्या संपल्या वाटतं आमच्या?" म्हटलं, "रडून झालं, आता जरा पेट्रोलचा वास घेऊ द्या." हसावं की नाही या विचारात पडल्या बिचाऱ्या. मी आधी हसले, मग त्या हसल्या.

मोठी गाडी घ्यायचं काल जेवताना ठरलं. ठरलं म्हणजे मी बोलले आणि कुणी नाही म्हटलं नाही. घरात माणसं सहा: सासूबाई, मुलगा, सून, दोन जुळ्या नाती आणि मी. लेक-जावई आले की आठ. छोटी गाडी होती ती मुलानं हे गेले त्याच महिन्यात विकून टाकली, मला न विचारता. जुनी झाली होती म्हणाला. तशी जुनी नव्हती, पण वाद घालायचं त्राण तेव्हा कुणाला होतं? तेव्हापासून भाड्याच्या गाड्यांवर चाललंय. लेकीचं गाव डोंगरावर आहे, तिथे तर आम्ही गेलोच नाही. सासूबाईंची कंबर एवढा वेळ बसू देत नाही, मध्ये आडवं व्हायला जागा हवी. लेक फोनवर "कधी येताय?" विचारते, आणि सासूबाई सांगतात, "तुझ्या आईनं विमान घेतलं की."

शाळा माझी सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. पण 'टॉर्क' या शब्दावर आज अडखळले. शब्दकोशात बघितलं, तिथेही उजेड पडेना. शेवटी शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवला. जाड कापडाचे चार थर सुईखाली आले की चाकाला जो पीळ द्यावा लागतो, तो टॉर्क. मग पुढचा लेख भराभर वाचून झाला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आमच्या शिलाईच्या दुकानात आज गिऱ्हाईक कमी. हे असताना हे कटिंग करायचे आणि मी शिवायची, आता दोन्ही मीच करते. ब्राउन पेपरचा रोल काढला आणि ह्यांच्या मापाचा एक लांब कागद कापला. उंची, खांदा, कमरेपासून ढोपर, ढोपरापासून घोटा. मापाची वही उघडावी लागली नाही. सहा फुटांना दोन बोटं कमी.

कारण असं की मासिकात गाडीच्या मागची जागा लिटरमध्ये देतात. लिटरमध्ये माणूस कसा मोजायचा? त्यापेक्षा हे बरं. मागच्या सीट पाडायच्या, त्यावर कागद पसरायचा. सरळ पसरला की गाडी मोठी.

रात्री जेवताना सून म्हणाली, "पण आई, कंबर आजींची दुखते. आजी तर एवढ्याशा आहेत."

सासूबाई म्हणाल्या, "मला काय गं, मी डिकीत बसेन."

मी म्हटलं, "माप नेहमी सैल घ्यावं. मागून आवळता येतं, वाढवता येत नाही. घरातला सगळ्यात लांब माणूस मावला की बाकीचे मावलेच."

मुलगा पानावरून उठला. पाणीपुरवठ्यात इंजिनीअर आहे, पंप त्याच्याकडे असतात, थकून येतो. हल्ली फार जेवत नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पहिली गाडी बघितली. काळी. काय सांगू, दुकानाच्या काचेतून दिसली तेव्हाच मी थांबले. नुसती उभी होती, पण अशी की बाजूनं जाणाऱ्यानं आपोआप वाट सोडावी. दार लावलं की 'धप्प' असा आवाज येतो, पत्र्याचा नाही, जुन्या कपाटाचा. चाक माझ्या कमरेपर्यंत.

सासूबाईंना एका बाजूनं सेल्समननं आणि एका बाजूनं मी असं वर चढवलं. वर पोचल्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, "म्हैस आहे ही म्हैस. धुवायला तळ्यावर न्यायची का?" नाव पडलं ते पडलंच.

मग मी कागद काढला. सेल्समननं मधली आणि मागची रांग पाडून दिली. कागद डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ पसरला आणि वर वीतभर जागा उरली. सेल्समन वाकून बघत म्हणाला, "मॅडम, हे कोण आहेत?" मी म्हटलं, "माप आहे." मुलाला नेमका तेव्हाच फोन आला. काचेच्या बाहेर फूटपाथवर जाऊन उभा राहिला. फोन कानाला नव्हता, पण हल्ली ती कानात घालायची बटणं निघालीत.

रस्त्यावर सेल्समननंच चालवली. मुलगा म्हणाला, डावा हात लचकलाय. मी मुद्दाम सगळ्यात मागे बसले, कारण गाडीचं खरं मागेच कळतं. जाकीट पुढून कोणीही चांगलं करतं, पाठ बघावी. खड्डे म्हशीच्या गावीही नाहीत. गतिरोधक आला होता का, असं विचारावं लागलं. पण वळणावर ती आधी वळते आणि तिचं पोट मागून वळतं. एका नातीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर, दुसरीचं काचेवर. दोघींनी "पुन्हा! पुन्हा!" केलं. सासूबाईंनी पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती.

तरी मला ती फार आवडली. कागद किती निवांत पडला होता.

रविवार, ८ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. इथे नाही तर कुठे?

त्या सकाळी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मुलानं त्यांना उचलून छोट्या गाडीत मागे ठेवलं. डोकं माझ्या मांडीवर. एवढा लांब माणूस, ढोपरं पोटाशी, तळवे दाराला टेकलेले. "जरा पाय सरळ करू दे गं," म्हणाले. एवढंच. मी कुठून सरळ करू देणार होते, दार उघडून? हॉस्पिटलच्या दारात पोचलो तोवर ते गेले होते. डॉक्टर चांगले होते, समोर बसवून सांगितलं की घराशेजारी हॉस्पिटल असतं तरी हेच झालं असतं. मी ते मानलं. माझं मन वेळेवर अडकलेलं नाही, पायांवर अडकलंय.

म्हणून काल बरं वाटलं. सून म्हणते आई लांबीच्याच मागे लागल्यात. लागू दे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आमच्या छोट्या गाडीचं काम जो करायचा त्या गॅरेजवाल्याकडे गेले. मासिकात सगळ्याच गाड्यांना पाचपैकी चार तारे असतात. भरवशाचं खरं खोटं तिथे कळत नाही, तेलकट हातांकडे विचारावं लागतं.

गाडीखालून फक्त पाय दिसत होते. पायांशीच बोलले.

"मोठी काळी कशी?"

"ताई, फार चांगली," पाय म्हणाले. "माझ्या मुलीची फी तिच्यावरच निघते."

"म्हणजे येते बिघडून?"

"येते म्हणजे, राहायलाच येते." मग तो बाहेर आला, हात पुसले. "पांढरी आहे ना, छताला काचवाली, तिचं इंजिन सोनं आहे. पण आतमध्ये शंभर खेळणी, एक ना एक रुसलेलं असतं. आणि ती करडी मला अजिबात आवडत नाही."

"का?"

"वर्षातनं एकदा येते, तेल बदलून जाते. धंदा कसा करायचा माणसानं?"

हसून हसून माझे डोळे भरले. निघताना म्हणाला, "तुमचे इंजिनीअर साहेब बरे आहेत ना? गाडी विकायच्या आधी दोनदा आले होते. क्लच बघ, इंजिनची ओढ बघ, काही दोष होता का सांग म्हणून. मी सगळी उघडून बघितली. म्हटलं साहेब, ठणठणीत आहे, अजून दहा वर्षं बघायला नको. तर तोंड एवढंसं झालं त्यांचं."

घरी येईपर्यंत विचार करत होते. गाडी ठणठणीत निघाली तर तोंड का उतरावं? आणि ठणठणीत होती तर जुनी झाली म्हणून विकली का? इंजिनीअर लोकांचं काही कळत नाही. एवढा चिकित्सक आहे की चांगल्यातही त्याला खोट हवी असते. हा गुण त्याचा मला लहानपणापासून आवडतो खरा. कपड्याची उलटी बाजू बघणारा मुलगा.

रविवार, १५ फेब्रुवारी

पांढरी बघितली. हिचं नाव सासूबाईंनी आत पाय ठेवायच्या आधीच 'नवरी' ठेवलं.

दाखवायला एक मुलगी होती, पंचविशीची असेल, आणि काय हुशार! नुसतं घडाघडा बोलणं नाही, विचारलं तेवढंच सांगायची. मी सीटच्या शिवणीवर हात फिरवत होते, तर म्हणाली, "काकू, तुम्ही शिवता का?" म्हटलं, "तुला कसं कळलं?" म्हणाली, "सगळे स्क्रीनला हात लावतात, तुम्ही टाक्याला लावलात." शिवण खरंच बघण्यासारखी. दुहेरी टाका, सगळीकडे एकसारखा, कोपऱ्यावरसुद्धा कुठे चुणी नाही. असा कोपरा मला दहा वर्षांनी जमला होता.

छत उघडलं तशा नाती मागे रेलून आकाश बघत बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "भोक पाडून वर पैसे जास्त घेतात?"

वळणावर नवरी म्हशीपेक्षा कितीतरी शहाणी. झुकते, पण लाजल्यासारखी जराशीच. आवाज नाही. पुढे काय बोलतात ते शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतं, घरच्या गाडीत हे फार कामाचं असतं.

कागदाला मात्र जमली नाही. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या आहेत, राजेशाही, हात ठेवायला दांड्या वगैरे. त्यांच्या मधल्या फटीत कागद कमरेपाशी खचला. मी दोनदा उचलून दोनदा नीट केला, दोनदा खचला. मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता." आवाज चढला होता. सगळ्यांसमोर. त्या मुलीनं चटकन मुलापुढे किल्ली धरली, "सर, तुम्ही चालवून बघा ना." तर म्हणतो, पायात चप्पल आहे, बुटाशिवाय चालवत नाही.

हाच मुलगा कॉलेजात असताना अनवाणी ट्रक चालवून आला होता एकदा.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मुलगा म्हणाला, "गाडी घेऊ, पण ड्रायव्हर ठेवू."

मी म्हटलं, "घरात चालवणारा असताना ड्रायव्हर कशाला? तुझ्या बाबांना तुझ्याशिवाय कुणाच्या गाडीत बसायला आवडायचं नाही."

तो टाकीचं पाणी बघायला गच्चीवर गेला. सून माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण नातींची भांडणं सुरू झाली, म्हशीत खिडकी कुणाला आणि नवरीत कुणाला. अजून एकही गाडी दारात नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

आजचं नीट लिहिते, कारण मला ते उलगडलेलं नाही.

तिसरी गाडी करडी. दिसायला काही नाही. सरळ नाक, सरळ पाठ, सीट टणक, पुढे चार बटणं आणि तीही हाताला सहज सापडतील अशी. सासूबाई बसल्या बसल्या म्हणाल्या, "मास्तरीण. हिच्यात पाय पसरून बसायची भीती वाटते." पण चढल्या मात्र आपल्या आपण. पायरी बरोबर उंचीवर आहे, दाराला धरायला मूठ आहे. ज्यानं ही गाडी बेतली त्याच्या घरात म्हातारं माणूस असणार.

कागद चार बोटं कमी पडला. टाचा मागच्या दाराला लागून वर दुमडल्या. मी तिरका टाकून बघितला, तेव्हा खांदा अडला. मुलगा तिकडे पाठ करून टायर बघत होता.

रस्त्यावर ही गाडी सगळ्यांत सरस. सेल्समन, एक पोक्त गृहस्थ, मुद्दाम वाकड्यातिकड्या गल्ल्यांतून फिरवत होते. वळणावर गाडी एका अंगानं जाते, पोट मागे राहत नाही. अरुंद रस्त्यात एका फेऱ्यात वळली, म्हशीला तिथे तीन लागले असते. नातींची डोकी जागच्या जागी. त्यांना जरा कंटाळाच आला.

मग उड्डाणपुलाच्या चढावर त्यांनी गाडी थांबवली आणि मुलाला म्हणाले, "साहेब, या इकडे. ही चढावर मागे सरकत नाही, स्वतःच धरून ठेवते. अनुभवून बघा." आज बूट होते, हात बरा होता, सांगायला काही उरलं नव्हतं. बसला. सासूबाई शेजारी, सून आणि नाती मध्ये, मी मागे. त्यानं आरसा सारखा केला. आरशातून मला त्याचे डोळे दिसले, मी हसले. त्यानं नजर काढून घेतली. गाडी चालू होती, धरलेली होती, आणि पुढे जाईना. मागून हॉर्न सुरू झाले. सेल्समन बाहेरून म्हणताहेत, "सोडा साहेब क्लच, सोडा, काही होत नाही." मग त्यानं दार उघडलं, खाली उतरला, "तुम्ही घ्या," म्हणाला आणि कठड्याच्या कडेनं चालत पुलाखाली निघून गेला.

मला उतरायचं होतं. पण तिसऱ्या रांगेतून उतरायचं तर आधी मधली सीट कुणीतरी दुमडायला लागते, आणि तिच्यावर नाती बसलेल्या. मी "अरे थांब" म्हणत राहिले. काच बंद होती.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंनी मला देवघर आवरताना हाक मारली. "बस इथं." बसले.

"तो कागद कुणाचा आहे?"

म्हटलं, "माहीत आहे की तुम्हाला."

"मला माहीत आहे. तू तो अंथरतेस तेव्हा तुला तुझा नवरा दिसतो. मला माझा मुलगा दिसतो, मी तोंड फिरवून काहीतरी बडबडते. त्या पोराला काय दिसत असेल?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"त्याला त्यानं न पोचवलेला माणूस दिसतो," सासूबाई म्हणाल्या. "तू तीन दुकानांत नेऊन तो त्याच्यासमोर पसरलास. लांब गाडी असती तर, असं म्हणत."

"मी तसं कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? छोटी गाडी त्यानंच निवडली होती ना."

हे मी विसरलेच होते. खरंच विसरले होते. हे मोठी बघत होते आणि मुलगा म्हणाला होता, शहरात छोटीच बरी, बाबा.

दुकान उघडलं नाही. दिवसभर वाट बघितली. संध्याकाळी तो कामावरून आला आणि नेहमीसारखा सरळ गच्चीवर गेला. पाठोपाठ मी गेले. टाकीचं झाकण काढून आत हात घालून बसला होता, पाणी बंद करणारा गोळा अडकला होता म्हणे.

मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "आई, मी कालव्याच्या रस्त्यानं गेलो त्या दिवशी. बाजारातनं गेलो असतो तर लवकर पोचलो असतो."

"बाजारात हातगाड्यांत अडकला असतास."

"तेव्हा हातगाड्या लागलेल्या नसतात. मी जाऊन बघितलंय. बऱ्याचदा."

"बाजाराच्या रस्त्याला खड्डे आहेत."

"म्हणूनच नाही गेलो ना! बाबा कण्हत होते. मला वाटलं धक्के नकोत." हात अजून पाण्यातच. "बाबा काही म्हणाले का? माझ्याबद्दल?"

हो म्हणून टाकावं असं मनात आलं. एखादं वाक्य रचता आलं असतं, वाचलीयेत मी तशी खूप. पण आमच्या घरात ते चालत नाही. म्हटलं, "नाही रे. पाय सरळ करू दे म्हणाले. तेवढंच."

"ते मी ऐकलं," मुलगा म्हणाला.

इतके दिवस मला वाटत होतं ते फक्त माझ्याजवळ आहे.

मग मी बोलले. ठरवून नाही, जे खरं होतं ते आलं. "हे बघ, हा महिनाभर मी परक्या माणसांच्या गाड्यांत मागे बसतेय. रोज गाड्या विकणारी माणसं, चांगली शिकलेली. ब्रेक मारला की मान पुढे, सोडला की मागे. प्रत्येकाची. त्या दिवशी त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते एकदाही हललं नाही. तू सावकाश नव्हतास, झाडं भराभरा मागे जात होती. हॉस्पिटलच्या दारात गाडी कधी थांबली ते मला कळलंच नाही, तू दार उघडलंस तेव्हा कळलं. तसं कुणी चालवलेलं मी अजून बघितलं नाही. म्हशीत नाही, नवरीत नाही, काल त्या मास्तरणीतही नाही."

तो टाकीच्या कडेला टेकला. हात पाण्यातून बाहेर काढला. मग म्हणाला, "मग तो कागद?"

"पायांसाठी रे. त्यांच्या पायांसाठी."

"माझ्यासाठी नव्हता?"

"तुझ्यासाठी कशाला असेल, गाढवा?"

खालून सासूबाई ओरडल्या, "अहो पाणीवाले! टाकी वाहतेय, माझं वाळवण भिजलं सगळं!" दोघंही ओले झालो. उठून कॉक बंद करायचं मात्र आम्हाला काही सुचलं नाही, सुनेनं येऊन केला.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

करडी घ्यायची ठरली. मुलगा पहिल्यापासून तीच म्हणत होता, माहितीपत्रकं वाचून. मीच चार बोटांसाठी अडून बसले होते. चार बोटं कमी आहेत ती आहेतच. ज्याचं माप होतं त्याला आता कुठे जायचं नाही, आणि ज्यांना जायचंय ते सगळे तिच्यात मावतात. सासूबाई तर आडव्या झाल्या तरी उशाला पिशवी राहील.

म्हशीचं मला अजून कौतुक आहे. रस्त्यात दिसली की मान वळते. नवरीच्या शिवणीसारखी शिवण करडीला नाही, हे सेल्समनला मी तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "कव्हर तुम्हीच शिवा मग." शिवणार आहे. कापडही बघून ठेवलंय.

कागद दुकानात आणला. त्यातून कटिंगचे साचे निघाले: दोन बाह्या, एक कॉलर आणि एका नातीच्या फ्रॉकचा घेर.

मुलगा संध्याकाळी एकटाच जाऊन सेल्समनबरोबर पुलावर चक्कर मारून आला. काही सांगितलं नाही. पण पोळ्या पाच खाल्ल्या, सुनेनं मला खूण केली.

शुक्रवार, १३ मार्च

गाडी आली. फाटकातून आत घेताना दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा उरते. मुलानं पहिल्यांदा घेतली तेव्हा सगळी आळी सल्ले द्यायला उभी होती, "डावीकडे, डावीकडे!" "अहो उजवीकडे!" सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "गप्प बसा रे, त्याला येतं."

त्याला थांबावं लागलं एकदा. डोकं स्टिअरिंगवर टेकवून क्षणभर बसला. कुणीच हॉर्न वाजवणारं नव्हतं. मग आत घेतली.

शनिवार, २८ मार्च

लेकीच्या घरून लिहितेय.

पहाटे निघालो. सासूबाई मध्ये आडव्या, नाती सगळ्यात मागे, त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं. सून सासूबाईंच्या पायांशी. पुढे मुलाशेजारी मला बसवलं. "गाडीचं खरं मागेच कळतं" म्हणून मी कुरकुर केली, तर मुलगा म्हणाला, "आई, एकदा तरी जाकीट पुढून बघ."

सपाटीच्या रस्त्याचं लिहून ठेवते. भरलेल्या गाडीतही इंजिन धापा टाकत नाही. ओढ सारखी आहे, मशीनवर एका दमात लांब शिवण घ्यावी तशी. आपण पुढे जाताना लोक वळून बघत नाहीत, म्हैस असती तर बघितलं असतं. वेगात असताना स्टिअरिंग त्याच्या हातात अगदी शांत होतं. ट्रकच्या मागे तो बराच वेळ राहिला, घाई केली नाही, आणि पुढे गेला तेव्हा इतका सहज गेला की सासूबाईंनी विचारलं, "ट्रक कुठे गेला?"

डोंगराच्या पायथ्याशी पेट्रोल भरलं. तिथे मुलानं विचारलं, "जाऊ?" मी म्हटलं, "चल."

आता घाट. भरलेली मोठी गाडी घाटातल्या वळणांवर कशी वागते याला मासिकं सगळ्यात जास्त गुण देतात. मी त्याचसाठी वही मांडीवर घेऊन पेनचं टोपण काढून बसले होते. पहिलं वळण मला आठवतं. डावीकडे दरी होती, झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं, आणि मुलगा कुठलंतरी गाणं अगदी हळू गुणगुणत होता.

त्यापुढे लेकीचं दार. सून माझा खांदा हलवत होती, लेक पायरीवर उभी राहून हसत होती, आणि सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "अख्खा घाट घोरत आली गं तुझी आई!"

घाटाचं काही लिहिता येत नाही.